मित्सु-मारू पाण्यातच आहे

इवाते, १६ नोव्हेंबर २०१४

ती. दादास,

तू फोन घेत नाहीस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून आता कागद. विद्यावहिनी म्हणाली, पत्र आलं तर फाडणार नाहीत, टीव्हीजवळच्या टोपलीत ठेवतील. टोपलीत पडून राहिलं तरी चालेल. शिवाय हे पत्र माझ्याबद्दल नाहीच, एका डिझेल इंजिनाबद्दल आहे. तू तीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात डिझेल इंजिनंच उघडलीस. इथे कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळतं, की बोट बाहेर काढा.

बोट माझी नाही. कुमागाई-सान म्हणजे आमच्या समुद्र-संशोधन केंद्रासाठी सोळा वर्षं बोट चालवणारे आजोबा, त्यांची आहे. सत्तरीला आले. ऑक्टोबरात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आता मोरिओकाला मुलीकडे आहेत आणि एप्रिलपर्यंत बोटीचं नाव काढायचं नाही असं मुलीने बजावलंय. बोटीचं नाव मित्सु-मारू. मित्सु ही त्यांची बायको, ती बोट घेण्याआधीच गेली.

थंडीत इथे लहान बोटी क्रेनने उचलून धक्क्यावर ठेवतात. कुमागाई-सान ठेवत नाहीत. इथल्या कोळ्यांची एक रीत आहे, तिला ओकिदाशी म्हणतात. मोठा भूकंप झाला की सगळ्यांनी टेकडीकडे पळायचं आणि बोटवाल्याने बोट घेऊन उघड्या समुद्राकडे. लाट किनाऱ्याजवळ उंच होते. खोल पाण्यात ती बोटीला नुसती उचलते आणि खाली ठेवते. २०११ साली आमच्या बंदरातल्या चाळीसपैकी सात बोटी उरल्या, सातही बाहेर नेलेल्या. धक्क्यावर ठेवलेल्या पुढे भाताच्या खाचरांत सापडल्या. तेव्हापासून कुमागाई-सान बोट जमिनीवर येऊ देत नाहीत. बर्फ पडो, काही होवो, ती पाण्यातच हवी आणि चावी फिरवली की सुरू व्हायला हवी.

यंदा ते काम मी अंगावर घेतलंय. एकोणपन्नासाव्या वर्षी हे काय नवीन, असं तू म्हणशील. म्हणजे, बोलत असतास तर म्हणाला असतास.

त्सुनामीच्या त्या दिवशी मी मित्सु-मारूवरच होते हे तुला माहीत आहे. आम्ही सकाळपासून नमुने घ्यायला समुद्रात होतो, म्हणून वाचलो. ते तेव्हाच सांगून झालंय.

तर प्रश्न. इंजिन तीन सिलिंडरचं, समुद्राच्याच पाण्याने थंड होणारं. रेडिएटर नाही. बंद केल्यावर पाणी आत राहतं, आणि इथे जानेवारीत पहाटे उणे दहा होतं. ते पाणी आत गोठलं तर ब्लॉक फुटेल ना? निचऱ्याचा नळ आहे, तो उघडून सगळं पाणी काढून टाकलं की पुरे का? आणि आठवड्यातून किती वेळा चालवावं?

उत्तर दिलं नाहीस तर मला सुचेल तसं करीन. ते तुला आवडणार नाही.

सुप्रभा

*

इवाते, ७ डिसेंबर २०१४

ती. दादास,

उत्तर आलं नाही, म्हणून मला सुचेल तसं केलं. ऐक काय झालं.

बर्फ पडणार असं कळल्यावर मी दुकानातून निळी ताडपत्री आणली आणि आपण पावसाळ्याआधी सहकारनगरच्या गच्चीवर बांधायचो तशी बोटीवर बांधली. चार कोपऱ्यांना दोऱ्या, मधे थोडा झोळ, म्हणजे वाऱ्याने फाटत नाही. तूच शिकवलंयस. पाणी झोळात साचलं की खालून काठीने ढोसायचं आणि ते भसकन खाली जायचं, बहुतेक वेळा तुझ्याच अंगावर.

बर्फाला ढोसून काही होत नाही. तो सरकत नाही, वाहत नाही, नुसता साचत राहतो. मंगळवारी सकाळी गेले तर झोळात माझ्या कमरेइतका बर्फ, ताडपत्री एका बाजूला ओढली गेलेली आणि मित्सु-मारू धक्क्याकडे कललेली. कड पाण्यापासून वीतभरही वर नव्हती. अजून एक तास पडला असता तर पाणी आत शिरलं असतं.

इथल्या मच्छीमार सोसायटीचे ओइकावा-सान तेवढ्यात आले. हा माणूस सहसा हसत नाही. त्याने ताडपत्री पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, सेन्सेई (म्हणजे ‘बाई’, इथे सगळे मला तसंच म्हणतात), तुमच्या देशात बर्फाला असं झेलतात का. मग विळीसारख्या सुरीने त्यांनी धक्क्याच्या बाजूच्या दोन्ही दोऱ्या कापल्या. सगळा बर्फ ताडपत्रीसकट पाण्यात गेला आणि बोट झटकन सरळ झाली. मी तोल जाऊन बसले. कंबर अजून दुखतेय.

बोटीवर काही बांधायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. बर्फ पडला की यायचं आणि लाकडी फावड्याने काढायचा. पुन्हा पडला की पुन्हा यायचं. दुसरा उपाय नाही. लोखंडी फावडं नको, बोट फायबरची आहे, चरे पडतात.

तेव्हापासून मी रोज सकाळी सातला जाते. घरापासून सायकलवर बारा मिनिटं, बर्फ असला तर चालत पाऊण तास. आधी डेकवरचा बर्फ, मग तळाशी साचलेलं पाणी उपसायचं, मग दोऱ्या बघायच्या. भूकंपात इथली जमीन अर्ध्या मीटरहून जास्त खचली. जुना धक्का भरतीला पाण्याखाली जायचा, आता त्यावर नवा थर चढवलाय. त्यामुळे दोऱ्या किती ढिल्या ठेवायच्या हे जुन्या माणसांनाही नव्याने शिकावं लागलं. घट्ट बांधली तर ओहोटीला बोट दोरीला लटकते. दोऱ्या रात्री गोठतात आणि सकाळी बांबूसारख्या ताठ असतात. पहिल्या दिवशी मी थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. दोरी सुटली, पण ते पाणी डेकवर पसरून पाच मिनिटांत त्याची काच झाली आणि त्यावरून मी दुसऱ्यांदा पडले.

वहिनीला सांग, टोकियोत निशी-कसाईला राहणाऱ्या मैत्रिणीने, अश्लेषाने, पाठवलेला गोडा मसाला मिळाला. आमटी केली. आईसारखी झाली नाही, पण कडक गरम होती.

इंजिन चालवायला अजून भीती वाटते. तेवढं सांग.

सुप्रभा

*

इवाते, २८ डिसेंबर २०१४

दादा,

तुझा कागद दहा दिवसांपूर्वी मिळाला.

कारखान्याच्या पॅडचं एक पान. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे पाच मुद्दे आणि हाताने काढलेली एक आकृती. वहिनीने पाकिटावर पत्ता लिहिलाय. पोस्टमनसमोरच उघडलं. त्याला वाटलं सरकारी काहीतरी आहे.

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. दहा मिनिटं चालवून बंद करू नये, निदान वीस मिनिटं, नाहीतर आत ओल धरते. टाकी कायम भरलेली ठेवावी, रिकाम्या जागेत दव जमतं. बॅटरी घरी आणावी. मी ती तेलाच्या हीटरपासून हातभर अंतरावर ठेवते आणि सायकलच्या टोपलीतून रोज नेते-आणते, गाव आता मला तिच्यावरून ओळखतं. पण चौथा मुद्दा वाचून मला घाम फुटला. ‘निचऱ्याचा नळ उघडल्यावर पाणी आलं नाही तर इंजिन कोरडं आहे असं समजू नकोस. भोक गाळाने बुजलेलं असतं. तारेने टोच.’ मी दोन आठवडे तेच समजत होते. नळ उघडायचे, थेंबही यायचा नाही, आणि मी खूश होऊन घरी जायचे. तुझं वाचून लगेच तार घातली. आधी तांबडा चिखल आला आणि मग निदान लिटरभर पाणी, त्यात बर्फाच्या काड्या होत्या. एका थंड रात्रीचा प्रश्न होता. तू वाचवलंस, आणि हे मी इंजिनाबद्दलच म्हणतेय, उगाच चिडू नकोस.

पाचवा मुद्दाही केला. चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय, मराठीत: ‘नळ बंद? सी-कॉक उघडा?’ सी-कॉक म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनात घेणारी तोटी, ती बंद ठेवून इंजिन सुरू केलं तर दोन मिनिटांत तापून बसेल, हे तू तीनदा अधोरेखित केलंयस. इंजिन मंगळवारी आणि शुक्रवारी चालवते. ओइकावा-साननी चिठ्ठी पाहून विचारलं, हा मंत्र आहे का. मी हो म्हटलं.

बोट न्यायला खरं तर दोघं लागतात. एक सुकाणूवर आणि एक दोऱ्या सोडायला. एकट्याने करायचं तर आधी पुढची सोडायची, मग मागची, आणि मागची सोडता सोडता उडी. त्या दिवशी कुमागाई-सान एकटेच होते, धक्क्यावरची दोरी मीच सोडली.

हे वाक्य मला लिहायचं नव्हतं. पेनाने लिहिलंय, खोडलं तर तुला जास्तच दिसेल. राहू दे.

सुप्रभा

*

इवाते, १८ जानेवारी २०१५

दादा,

मागच्या पत्रातलं ते वाक्य तू पकडलं असणारच. सकाळपासून समुद्रात असलेली बाई धक्क्यावरची दोरी कशी सोडेल, हा हिशेब तुला दोन सेकंदांत कळला असेल. आता सगळं सांगते.

गेल्या आठवड्यात खाडीच्या टोकाला, जिथे नदी मिळते तिथे, बर्फ धरला. गोडं पाणी वर तरंगतं आणि ते आधी गोठतं. मित्सु-मारूच्या भोवती पापडासारखा थर. तो लांब बांबूने फोडत होते, तेव्हा ओइकावा-सान मदतीला आले. आम्ही दोघं दोन बाजूंनी फोडत असताना ते म्हणाले, कुमागाई दर वर्षी सोसायटीच्या सभेत उठून माफी मागतो. म्हटलं, कसली. म्हणाले, परदेशी बाईला मी बोटीवर ओढलं, तिच्या घरच्यांचा पाच दिवस जीव टांगणीला लावला, हा माझा गुन्हा आहे, असं म्हणतो.

दादा, त्यांनी मला ओढलं नव्हतं.

अकरा मार्चला मी सकाळपासून केंद्रात होते, समुद्रात नव्हते. भूकंप थांबल्यावर सगळे टेकडीवरच्या शाळेकडे निघाले. मीही निघाले होते. वाटेत धक्का लागतो. कुमागाई-सान एकटेच बोटीवर चढले होते आणि मागची दोरी ताणून अडकली होती. त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, “सेन्सेई, दोरी सोडा आणि वर पळा.” अगदी हेच शब्द. मी दोरी सोडली. आणि पळाले नाही, उडी मारून बोटीत चढले. ते ओरडले, उतरा म्हणून. पण तोवर बोट सुटली होती.

का चढले याची उत्तरं मी चार वर्षं जमवतेय. म्हाताऱ्याला एकटं कसं जाऊ द्यायचं. दोनतीन तासांत परत येऊ. ही खोटी नाहीत, पण नंतर सुचलेली आहेत. त्या क्षणी बोट निघाली होती आणि मला जायचं होतं, एवढंच. तुमचा कुणाचाही विचार मनात आला नाही. आला आणि मी तो बाजूला सारला असंही नाही. आलाच नाही.

दोन रात्री बाहेर होतो. बर्फ पडत होता आणि खाडीत घरांची छपरं, गाड्या, लाकडं तरंगत होती, म्हणून आत येता येईना. तेरा तारखेला दुपारी किनाऱ्याला लागलो. तोवर टेकडीवरचा सॅटेलाइट फोन दुसऱ्या गावात गेला होता. तो परत आल्यावर पंधरा तारखेला मी तुला फोन केला.

तो फोन बारा तारखेच्या दुपारी शाळेत आला होता. परदेशी लोकांचे नंबर आधी लावले. आमच्या केंद्रातली चिनी मुलगी वर पळाली होती, तिने बारा तारखेला आईशी बोलून घेतलं. यादीत तिच्यानंतर माझं नाव होतं. त्यावर कुणीतरी रेघ मारली होती.

आपली आई तेराच्या संध्याकाळी झटका येऊन टीव्हीसमोर पडली.

मी वर गेले असते तर बाराला माझा आवाज तिला ऐकू आला असता. पुढे काय झालं असतं ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत, पण एवढं तरी नक्की झालं असतं. तुला मी सांगितलं की आम्ही सकाळपासून समुद्रात होतो, कारण मग तो कुणाचाच दोष राहत नाही. मेमध्ये मी पुण्याला दहा दिवस आले, आई डोळ्यांनी माझ्याकडे बघायची, तोंडून शब्द नाही, आणि तू म्हणालास, थांब, आता तिला सोडून जाऊ नकोस. मी परत आले. केंद्र उभं करायचंय असं सांगून आले. खरं तर तिच्यासमोर बसवत नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत ती गेली आणि मला वहिनीने तिसऱ्या दिवशी कळवलं. तेव्हा मी तुझ्यावर फार रागावले होते. रागावणं सोपं गेलं.

कुमागाई-सानना काल फोन केला. म्हटलं, सभेत माफी मागणं बंद करा, नाहीतर मी उठून खरं सांगेन. त्यांनी विचारलं, “तळाचं पाणी उपसलंत का?”

आता हे पत्र टोपलीत टाकायचं, की काय करायचं, ते तू ठरव.

सुप्रभा

*

इवाते, ८ फेब्रुवारी २०१५

दादा,

तीन आठवडे झाले. वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, पत्र टोपलीत नाही. कुठे आहे ते तिला माहीत नाही. तू जेवतोस, कामाला जातोस, बोलत नाहीस. पहाटेच उठून टीव्ही लावून बसतोस, आवाज बंद करून. पत्राच्या आधीपासूनचीच सवय आहे म्हणाली, आई गेल्यापासूनची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उत्तर मागत नाहीये. बोटीची खबर तेवढी देते, कारण तिला वाचवण्यात तुझाही हात आहे.

पारा एकदा उणे अकराला गेला. ब्लॉक शाबूत आहे. प्रत्येक वेळी नळात तार घालते, प्रत्येक वेळी थोडा गाळ येतो. बॅटरी घरात आहे. माझ्या हाताच्या बोटाला एक चीर पडली होती, मिठाच्या पाण्याने भरत नव्हती, आता भरली. बंदरात पाण्यावर चारच बोटी आहेत. त्यातल्या तीन मोठ्या.

गेल्या महिन्यात सोसायटीने नवा नियम केला: इशारा झाल्यावर किनाऱ्यावरच्या कुणी बोटीकडे जायचं नाही, समुद्रात असलेल्यांनीच बाहेर जायचं. म्हाताऱ्या कोळ्यांनी माना डोलावल्या. ते पाळतील असं मला वाटत नाही. मी पाळेन का, असं ओइकावा-साननी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, खरं बोललात.

सुप्रभा

*

इवाते, १७ फेब्रुवारी २०१५, दुपार

दादा,

आज आपण नऊ वेळा फोनवर बोललो, तरी लिहिते. अर्ध्या वेळी माझे दात वाजत होते, तुला काय कळलं असेल कोण जाणे. आणि काही मी सांगितलंच नाही.

मंगळवार होता, म्हणजे इंजिनाचा दिवस. आठला मी बोटीवर होते. चिठ्ठी वाचली, नळ बंद केला, सी-कॉक उघडला, चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू झालं. पाचसहा मिनिटं चाललं असेल आणि बोट थरथरायला लागली. मला वाटलं इंजिनच. मग धक्क्यावरचे दिव्याचे खांब हलताना दिसले. बराच वेळ हलत होते. लगेच गावातले भोंगे वाजले: त्सुनामीची सूचना, समुद्रापासून दूर व्हा.

मोठा इशारा नव्हता, त्याच्या खालची पायरी. मीटरभर लाट येऊ शकते एवढाच. पण २०११ लाही पहिला आकडा लहानच होता.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते सांगते. मी पुढची दोरी सोडली. विचार करून नाही, हात आपोआप गेले. इंजिन गरम, टाकी भरलेली, बॅटरी जोडलेली, खाडीचं तोंड मोकळं. तीन महिने रोज सकाळी मी हेच तर तयार ठेवत होते. बोटीचं नाक धक्क्यापासून सुटलं आणि मी मागच्या दोरीपाशी आले. तिला हात घातला.

आणि या वेळी विचार आला. फार थोर काही नाही. तू दिसलास. आवाज बंद करून टीव्हीसमोर बसलेला, आणि खाली पट्टीत जपानचा नकाशा. तुमच्याकडे पावणेपाच होत होते, म्हणजे तू उठलेलाच असणार.

मी पुढची दोरी परत बांधली. हातमोजे काढून बांधावी लागली, म्हणून वेळ गेला. हातभर ढील जास्त ठेवली. सोडून जाताना फार वाईट वाटलं, ते मोघम सांगण्यात अर्थ नाही, मी रडले. म्हाताऱ्याने जे माझ्यावर सोपवलं होतं तेच मी टाकून जात होते. इंजिन बंद करायचंही सुचलं नाही. ते तसंच धडधडत राहिलं आणि मी टेकडीच्या पायऱ्या चढले. देवळापाशी पोचले तेव्हा आठ पंचवीस झाले होते. तुला फोन लावला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तू उचललास.

“कुठे आहेस?”

“वर. टेकडीवर, देवळाजवळ.”

“खरं सांग.”

“खरंच वर आहे, दादा. बोट खाली आहे. मी सोडून आले.”

मग तू ते सांगितलंस. मी पुन्हा लिहिते, कारण मी नीट ऐकलं हे तुला कळायला हवं. बारा मार्चच्या रात्री आई काही केल्या टीव्हीसमोरून उठेना, जेवेना, तेव्हा तू तिला सांगितलंस, “सुपूचा फोन आला होता. ती टेकडीवर आहे, सुखरूप आहे.” तिने तुझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मग मला का नाही दिलास?” दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तुझ्याशी बोलली नाही, आणि मग बोलू शकलीच नाही.

तू म्हणालास, माझ्या खोट्यामुळे तिला कळलं की फोन आलेला नाही. तू चार वर्षं हे धरून बसला होतास आणि मी समजत होते की तुझा राग माझ्यावर आहे. माझ्यावरही होता, हेही तू स्पष्ट म्हणालास. पत्र वाचून वाढला, असंही म्हणालास. तरी लिहिलंस ते बरं झालं, म्हणालास.

फोनवर राहिलं ते आता लिहिते. दादा, तू तिला जे सांगितलंस ते खरं असायला हवं होतं. ते खरं करणं माझ्या हातात होतं. तुझ्या हातात तेवढं सांगणंच होतं.

मग तू एकदम साहेबासारखा बोलायला लागलास. बॅटरी जप, फोन ठेव, दर पंधरा मिनिटांनी कर. मी दर पंधरा मिनिटांनी केला. देवळाजवळ वीसेक माणसं होती. ओइकावा-सानची बायको सगळ्यांना चहा देत होती, आणि प्रत्येक वेळी मी फोन काढला की लोक गप्प व्हायचे. मराठी कुणाला कळत नाही, तरी गप्प व्हायचे. तू प्रत्येक वेळी एकच विचारायचास, वरच आहेस ना. चौथ्या वेळी वहिनीने फोन घेऊन हेच विचारलं.

लाट आली ती दहावीस सेंटिमीटरची. वरून काही दिसलंच नाही, फक्त चारही बोटी एकदम थोड्या सरकल्या आणि परत आल्या. दहा वीसला सूचना उठली.

खाली गेले तर मित्सु-मारू होती तशीच होती. इंजिन अडीच तास चालून मस्त तापलेलं, डेकवरचा बर्फ इंजिनाच्या पेटीभोवती वितळलेला. तुला नवव्यांदा फोन केला तो तिथूनच. तू म्हणालास, फोन इंजिनापाशी धर. मी पेटीचं झाकण उघडून धरला. सहासात हजार किलोमीटरवरून तू दोन मिनिटं ऐकत होतास. माझी बोटं गार पडली होती, पण हलले नाही.

“दुसऱ्या सिलिंडरचं नोझल बघायला हवं,” तू म्हणालास. “बाकी ठीक आहे. आता बंद कर, पण आधी—”

“सी-कॉक नाही, आधी इंजिन, मग सी-कॉक, मग नळ, मग तार.”

“बरोबर.”

कुमागाई-सानना त्यानंतर कळवलं. बोट बाहेर नेली नाही, बांधून वर गेले, असं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी दोऱ्यांना किती ढील दिली होती ते विचारलं. हातभर जास्त, म्हटलं. ते म्हणाले, तेवढीच हवी होती.

इंजिन बंद केल्यावर मी फोन परत कानाला लावला तेव्हा तू अजून होतास. मला वाटलं आता ठेवशील. तू म्हणालास, “अकरा मार्चला सुट्टी घेतोय. सकाळी फोन कर. मी घरीच असेन.”

करीन. मी वर असेन.

सुपू